वाचकांचे प्रश्न: रूळ, रस्ता आणि धुराचा हिशेब

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: लोकल, बस, स्कूटर, ट्रक यांत हवेला कमी घातक काय? ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांचे निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत वापरलेले आकडे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणालाही वहीत पडताळून पाहता येतील. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एक लिटर डिझेलमागे २.७ किलो, एक किलो सीएनजीमागे २.७५ किलो. आपल्या ग्रिडमध्ये कोळशाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे एका युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या जरा वर पडतो. आम्ही ०.७२ धरला आहे.

मी वाशीहून ठाण्याला रोज कारने एकटा जातो. लोकलने गेलो तर खरंच फरक पडेल का? शेवटी लोकलची वीज कोळशावरच होते ना? (वाचक, वाशी)

वीज कोळशाची आहे हे धरूनच हिशेब मांडू. पेट्रोल कार शहरात लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरला १९२ ग्रॅम. वाशी ते ठाणे साधारण २० किलोमीटर, म्हणजे एका वेळचे ३.८ किलो. जाऊन-येऊन साडेसात किलोच्या वर, आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर जवळजवळ १७० किलो.

आता लोकल. बारा डब्यांच्या गाडीला किलोमीटरमागे २५ युनिट वीज लागते असं समजा. म्हणजे अख्ख्या गाडीचे १८ किलो. गाडीत १००० माणसं असतील तर माणशी १८ ग्रॅम, आणि २० किलोमीटरचे ३६० ग्रॅम. कारच्या दहाव्या भागाहूनही कमी. गर्दीच्या वेळी हा आकडा आणखी खाली जातो. रात्री उशिराच्या गाडीत ३०० माणसं असतील तर माणशी ६० ग्रॅमवर येतो. उलट बाजूने पाहिलं तर आणखी स्पष्ट होतं: लोकल एकट्या माणसाच्या कारइतकी वाईट ठरायला अख्ख्या गाडीत ९५ पेक्षा कमी प्रवासी असायला हवेत. ट्रान्सहार्बरवर, म्हणजे ठाणे-वाशी मार्गावर, इतकी रिकामी गाडी तुम्हाला क्वचितच दिसेल.

फरक एवढा का पडतो? एक कारण माणसं वाटून घेतात हे, दुसरं चाकात आहे. सपाट रस्त्यावर १ टन वजनाची गाडी हळू ढकलत ठेवायला साधारण १० किलोचा जोर लागतो. पोलादी चाक पोलादी रुळावर असेल तर तेच वजन दीड-दोन किलोच्या जोरावर सरकत राहतं. रबरी टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, सुटतो, तापतो आणि इंधनाचा तेवढा भाग नुसता उष्णतेत जातो. पोलाद जवळजवळ दबतच नाही.

तिसरं कारण ब्रेकचं, आणि लोकलच्या बाबतीत ते मोठं आहे, कारण ती दर दोन-तीन किलोमीटरला थांबते. नव्या गाड्यांत ब्रेक लावताना मोटरच जनित्र होते आणि वीज वरच्या तारेत परत ढकलते. चांगल्या चालवलेल्या गाडीत वापराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज अशी परत मिळते. पूर्वीच्या १५०० व्होल्ट डीसी व्यवस्थेत जवळपास दुसरी गाडी नसेल तर ही वीज घ्यायला कुणीच नसायचं. २५,००० व्होल्ट एसीवर ती ग्रिडकडे परत जाऊ शकते. मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर हा बदल २०१६ मध्ये पूर्ण झाला.

एक गोष्ट मात्र वरच्या हिशेबात धरलेली नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एसी लावून २० मिनिटं अडकलात, तर तासाला एक लिटर या दराने पाऊण किलो कार्बन जागच्या जागी गेला. तेवढ्याच कार्बनमध्ये लोकलने ठाण्याला जाऊन परत येता येतं.

माझी स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते. मग लोकलचा एवढा आग्रह कशाला? (वाचक, कळवा)

कार्बनपुरतं बोलायचं तर तुमची स्कूटर वाईट नाही. किलोमीटरला ५१ ग्रॅम, आणि मागे कुणी बसलं तर माणशी २६. ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. दोघं बसलेली स्कूटर निम्म्या भरलेल्या बसच्या तोडीची आहे. पण भरलेल्या लोकलच्या माणशी ८-१० ग्रॅमच्या जवळ ती जात नाही.

शिवाय धूर म्हणजे फक्त कार्बन नव्हे. स्कूटरचा धूर रस्त्यालगत, सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अगदी जवळ सुटतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या कडक धूर-निकषाच्या गाडीत तो पुष्कळ कमी झाला आहे. गाडी त्याआधीची असेल तर एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर बदला. फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, पेट्रोल अर्धवट जळतं, आणि ॲव्हरेज उतरण्याच्या कितीतरी आधी सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी धरते. बोट फिरवून बघा: कोरडी राखाडी असेल तर ठीक, बोटाला काळं मऊ लागलं तर फिल्टर बघायची वेळ झाली.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. नवरा मला कारने ठाणे स्टेशनला सोडतो, पुढे मी लोकलने सीएसएमटीला जाते. म्हणजे आमचा प्रवास पर्यावरणपूरक झाला ना? (वाचक, कासारवडवली)

इथेच सगळ्यांची गफलत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कासारवडवली ते ठाणे स्टेशन साधारण १० किलोमीटर. कार तुम्हाला सोडून रिकामी परत जाते, म्हणजे तुमच्या नावावर २० किलोमीटर लागले: ३.८ किलो. ठाणे ते सीएसएमटी ३४ किलोमीटर. लोकलने माणशी १८ ग्रॅम धरले तर सहाशे ग्रॅमच्या जरा वर. चौतीस किलोमीटरच्या मुख्य प्रवासापेक्षा घर ते स्टेशनचा टप्पा सहापट जड. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

वर सकाळची पहिली फेरी गार इंजिनाची असते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि इंजिन गार असताना पेट्रोलचं मिश्रणही घट्ट जातं. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन सगळ्यात जास्त बाहेर पडतं ते पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये. सोसायटीच्या फाटकापासून सर्व्हिस रोडपर्यंत. ज्या रस्त्यावर मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात, नेमका तोच. गाडी चालू करून दहा मिनिटं उभी ठेवण्याने हे टळत नाही, उलट वाढतं. चालू करा, अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन किलोमीटर पाय हलका ठेवा.

मग करायचं काय? डिझेल बस लिटरला साडेतीन किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला ७७० ग्रॅम. चाळीस माणसांत वाटले की माणशी १९. दहा किलोमीटरचे दोनशे ग्रॅमही होत नाहीत. बसची वेळ जमत नसेल तर कार तुमच्याबरोबर शेजारच्या दोघांनाही घेऊन जाऊ दे. शेअर रिक्षा सीएनजीच्या किलोला ३५ किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला ७९ ग्रॅम, तिघांत २६. परतीचं भाडं मिळालं नाही तर दुप्पट, तरी कारपेक्षा कितीतरी बरी. स्वतः स्कूटर चालवत जाऊन स्टेशनजवळ लावलीत तर दहा किलोमीटरचे अर्धा किलो, आणि रिकामी परतफेरी नाही.

इलेक्ट्रिक बसमुळे कार्बन खरंच कमी होतो का? (वाचक, नेरूळ)

आजच्या ग्रिडवर फार नाही. बारा मीटरच्या एसी बसला, चार्जिंगमधली गळती धरून, किलोमीटरला सव्वा युनिट लागतं, म्हणजे ९०० ग्रॅम. डिझेल बस जाळते ७७०, आणि ते डिझेल जमिनीतून काढून, शुद्ध करून पंपावर आणण्याचा खर्च जोडला की तीही ९०० च्या आसपास येते. फायदा दोन ठिकाणी आहे. बसच्या मागे धूर नाही, त्यामुळे थांब्यावरच्या माणसाची छाती वाचते. आणि बस दहा-बारा वर्षं चालते. त्या काळात ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढत जाईल तसा तिचा आकडा आपोआप उतरेल. डिझेल बसचा आकडा आहे तिथेच राहील.

आमचं घर रुळांपासून ५० मीटरवर आहे, पलीकडे रस्ता. खिडकीत रोज काळपट धूळ बसते. ती रेल्वेची की रस्त्याची, हे घरी ओळखता येईल का? (वाचक, दिघा)

बऱ्यापैकी ओळखता येतं. खिडकीचा कट्टा पुसून स्वच्छ करा आणि तीन दिवस हात लावू नका. मग ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने पुसून ते सावलीत वाळवा. वाळल्यावर धूळ पांढऱ्या कागदावर झटका. एक साधं लोहचुंबक पातळ पिशवीत गुंडाळून धुळीवरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेली धूळ वेगळी निघते, चुंबक खराब होत नाही.

रेल्वेची धूळ लोखंडी असते. चाक रुळावर घासतं, ब्रेकचे ठोकळे चाकावर घासतात, त्यातून बारीक पत्रीसारखे कण सुटतात. पावसाळ्यात ते गंजतात आणि खिडकीच्या कोपऱ्यात तांबूस डाग धरतात. टायरची धूळ काळी आणि मऊ असते, बोटांत चोळली तर पसरते, चुंबकाला लागत नाही. रस्त्याची माती करकरीत लागते.

पण एक सावधगिरी हवीच. आपल्याकडचा काळा दगड बेसाल्ट आहे आणि त्यात निसर्गतःच चुंबकीय खनिज असतं. रुळांखालची खडीही त्याचीच, रस्त्याची खडीही त्याचीच, बांधकामाचा चुराही त्याचाच. त्यामुळे चुंबकाला काहीतरी चिकटलं म्हणजे रेल्वेच, असा निष्कर्ष काढू नका. दहा पट दाखवणारं भिंग घ्या. चकचकीत, चपटे, कडा तुटलेले कण असतील तर ते पोलादाचे. काळे, निस्तेज, वाळूसारखे गोळीदार असतील तर दगडाचे. एकच चाचणी करून थांबू नका. सुट्टीच्या दिवशी रस्ता मोकळा असतो, पण लोकलच्या फेऱ्या त्यामानाने तेवढ्या घटत नाहीत, तेव्हाचे तीन दिवस आणि कामाचे तीन दिवस असे दोन नमुने शेजारी ठेवा.

आवाजाचा विचार केलात तर मात्र रूळ जास्त त्रासदायक ठरू शकतात. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. चाकावर सपाट चट्टा पडला की गाडी जाताना ठराविक लयीत ठक-ठक ऐकू येतं. जोरात ब्रेक लागून चाक घसरलं की असा चट्टा पडतो. तक्रार करताना गाडीची वेळ, दिशा आणि आवाज पुढच्या डब्यांतून येतो की मागच्या, एवढं लिहा. त्यावरून ते चाक शोधता येतं. नुसतं ‘आवाज फार होतो’ लिहिलं तर कुणालाच काही करता येत नाही.

तळोज्याच्या आमच्या कारखान्यातून दिल्लीकडे माल जातो. कंटेनर रेल्वेने पाठवला तर प्रदूषण किती वाचेल आणि अडचणी काय येतात? (वाचक, तळोजा)

ट्रेलर भरलेला असताना लिटरला साडेतीन किलोमीटर आणि २६ टन माल, असं धरू. दिल्ली अंदाजे १,४०० किलोमीटर: ४०० लिटर डिझेल, १,०८० किलो कार्बन, म्हणजे टनामागे ४१ किलो. परतीचं भाडं मिळालं नाही तर तोही भार तुमच्याच मालावर.

विजेच्या मालगाडीला १,००० टन वजन एक किलोमीटर न्यायला सुमारे ७ युनिट लागतात असं घ्या. त्यातलं ६० टक्के वजन मालाचं. म्हणजे मालाच्या टनामागे किलोमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आत, आणि दिल्लीपर्यंत १२ किलो. पण कंटेनर कारखान्यातून यार्डापर्यंत आणि तिकडे यार्डातून गोदामापर्यंत ट्रेलरनेच जातो. दोन्ही टोकांना ४० किलोमीटर आणि ट्रेलरची रिकामी परतफेरी धरली तर १६० किलोमीटर, ४० लिटर, टनामागे चार किलो. एकूण १६. रस्त्याच्या चाळीस टक्के.

या चार किलोंकडे नीट बघा, कारण अंतर कितीही असलं तरी ते तेवढेच राहतात. माल नाशिकला, २०० किलोमीटरवर, पाठवायचा असेल तर रस्त्याने टनामागे सहा किलो आणि रेल्वेनेही सहाच. वर दोनदा क्रेनची उचल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. साधारण २०० किलोमीटरच्या आत रेल्वेचा हट्ट धरू नये, ५०० च्या वर मात्र ट्रकचा धरू नये, असं आमचं मत आहे.

अडचणी प्रत्यक्षातल्या अशा. एका कंटेनर गाडीत ४५ वाघिणी (मालडबे), २० फुटी ९० कंटेनर. गाडी भरेपर्यंत तुमचा कंटेनर यार्डात उभा राहू शकतो, म्हणून निघण्याची तारीख आणि शेवटची गेट वेळ आधी विचारून घ्या, मग माल भरा. आधीच भरून पाठवलात तर जागाभाडं चालू होतं.

दुसरी अडचण धक्क्यांची. ट्रकमध्ये माल वर-खाली हादरतो, वाघिणीत तो पुढे-मागे ढकलला जातो: शंटिंग करताना, गाडी सुटताना, थांबताना. रस्त्यासाठी केलेलं पॅकिंग म्हणूनच रेल्वेत फुटतं. जड पेट्या जमिनीवर, कंटेनरच्या लांबीत वजन सारखं वाटून ठेवा. सगळं दाराशी किंवा सगळं आतल्या भिंतीशी नको. ओळी आणि दार यांच्यातली मोकळी जागा लाकडी ठोकळ्यांनी किंवा हवेच्या पिशव्यांनी भरा. चार बोटांची फट सोडलीत तरी प्रत्येक धक्क्याला माल तेवढा पळतो आणि आदळतो. ड्रम असतील तर दोन थरांमध्ये प्लाय टाका. पावसाळ्यात माल भरण्याआधी कंटेनरच्या आत उभे राहून दार बंद करून घ्या, मात्र बाहेर एक माणूस दाराशी उभा ठेवून. छतातून उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर परत करा. ओलं लाकूड आत घालू नका. राजस्थानच्या उन्हात त्यातलं पाणी वाफ होतं आणि रात्री छतावरून मालावर ठिबकतं.

मग वाशीच्या एपीएमसीत नाशिकचा कांदा ट्रकनेच का येतो? (वाचक, तुर्भे)

वरचा २०० किलोमीटरचा नियम इथेही लागू आहे. शिवाय गोणी जितक्या वेळा उचलाल तितकी कांद्याची साल सुटते, आणि सोललेला कांदा आधी सडतो. लांबच्या पल्ल्याला गणित बदलतं. ऑगस्ट २०२० मध्ये पहिली किसान रेल देवळालीहून थेट बिहारमधल्या दानापूरला गेली ती त्यामुळेच. ट्रकवाल्यांना एकच सांगणं: एका आसावर २० टक्के जास्त वजन टाकलंत तर रस्त्याची झीज २० टक्क्यांनी नाही, दुपटीने वाढते. वजनाच्या चौथ्या घाताने ती चढते. तो रस्ता पुन्हा करायला लागणारं डांबर आणि खडी हाही धूरच आहे.

नवा रेल्वेमार्गही खाडीतून, तिवरांतूनच जातो. मग तो रस्त्यापेक्षा बरा कसा? (वाचक, ऐरोली)

रुंदीमुळे. रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला जास्तीत जास्त १,८०० ते २,००० गाड्या जातात. कारमध्ये सरासरी दीड माणूस धरला तर तीन हजारांच्या आत माणसं. एका रुळावरून दर चार मिनिटांनी २,००० प्रवाशांची लोकल गेली तर तासाला ३०,०००. तेवढ्या माणसांसाठी एका दिशेला साडेतीन मीटरच्या दहा-अकरा मार्गिका लागतील. ठाणे खाडीसारख्या, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या पाणथळीत हा फरक फार मोठा आहे.

रूळ फुकट पडत नाहीत हेही खरं. मीटरला ६० किलोच्या दोन रुळांचं एका किलोमीटरला १२० टन पोलाद होतं, आणि १,६६० काँक्रीटचे स्लीपर. पण तिवरं मरतात ती बहुतेक वेळा कापल्यामुळे नाही, भरावामुळे. तिवराची श्वासमुळं दिवसातून दोनदा भरतीचं पाणी येऊन ओसरेल या हिशेबाने वाढलेली असतात. भरावाने पाणी अडलं की एका बाजूला ते साचून राहतं आणि मुळं गुदमरतात, दुसऱ्या बाजूला जमीन कोरडी पडून खारावते. वर्षा-दोन वर्षांत पानं पिवळी पडायला लागतात आणि दोष कुणाचा ते सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

म्हणून काम सुरू होण्याआधी बघायला हवं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत महामार्ग येतात, रेल्वेमार्ग येत नाहीत, त्यामुळे रेल्वेसाठी जनसुनावणी होईल या भरवशावर राहू नका. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी मात्र लागते, आणि तिवरं तोडायची तर उच्च न्यायालयाचीही. राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्तं वाचा. त्यात तीन गोष्टी शोधा: मार्ग भरावावर आहे की खांबांवर, मोऱ्या (भरावाखालून पाणी जाण्याच्या वाटा) किती आणि किती अंतरावर, आणि मोरीचा तळ खाडीच्या ओहोळाच्या तळाच्या पातळीला आहे का. शेवटची गोष्ट बहुतेक आराखड्यांत नीट वाचलीच जात नाही. मोरी ओहोळाच्या तळापेक्षा अर्धा मीटर जरी वर बसली तरी भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला पुरतं बाहेर जात नाही. हरकत नोंदवायची असेल तर ती याच आकड्यावर नोंदवा, आणि सोबत ओहोटीच्या वेळी काढलेला त्या ओहोळाचा फोटो, तारीख-वेळेसह जोडा.